कणगीतले आठ दिवस

येडशीच्या रस्त्याकडेला, बांधावरचं ते गेळफळाचं झाड पुण्याहून आलेल्या पौर्णिमानं दोन दिवसांपूर्वीच हेरून ठेवलं होतं. आज ती पिशवी घेऊन आली, तर काट्यांत अर्धा शिरलेला एक माणूस अगदी हलक्या हातानं पिवळसर फळं तोडत होता.

"सगळी नेऊ नका," ती म्हणाली. "मला संशोधनाला हवीत."

"मला औषधाला हवीत." तो वळलाही नाही. "कसलं संशोधन?"

"यानं उलटी का होते, त्याचं."

तेव्हा मात्र तो वळला. कपाळावर काट्याचा बारीक ओरखडा, आणि ओठांवर हसू... "मग आपला धंदा एकच की!"

त्याचं नाव सुगत. धाराशिवच्या एका वैद्यांकडं तो वमनाच्या खोलीत मदतनीस होता. तिथं रोग्याला गेळफळाचं औषध देऊन मुद्दाम ओकायला लावत.

"आणि तुम्ही काय करता?"

"कपाळं धरतो." जगातलं सगळ्यात साधं काम असल्यासारखं तो म्हणाला. "एक हात कपाळावर, एक पाठीवर. अन् मोजतो. किती वेळा ओकला, त्यावर वैद्य पुढचं ठरवतात. सहा वर्षांत एकदाही मोजायला चुकलो न्हाय."

पौर्णिमाला वडील आठवले. गेल्या हिवाळ्यात अण्णा गेले. कॅन्सरच्या औषधानं त्यांना उलट्या होत. आई त्यांचं कपाळ धरी, आणि ही शिकलेली लेक पायथ्याशी बसून वहीत वेळा टिपत राही. उलटी कुठून सुरू होते हे कळलं की थांबवायचं औषधही सापडेल, असं ती सगळ्यांना सांगे. आपला हात एकदाही पुढं झाला नाही, हे मात्र कुणालाच सांगितलेलं नव्हतं. कुणाचं दुखणं जवळून धरणं आपल्याला जमायचं नाही, असं तिनं मनाशी ठरवूनच टाकलं होतं.

सुगतनं तिला जुनी रीत सांगितली. फळं गवतात गुंडाळायची, वरून शेण लिंपायचं आणि आठ दिवस धान्यात पुरून ठेवायची. मग त्यांना मधासारखा वास येतो. ताज्या आणि मुरलेल्या फळांत फरक काय, हे तिलाही पाहायचं होतं. धान्य सुगतच्या घरी होतं, कणगीभर ज्वारी.

ती रोज येऊ लागली. दाराबाहेर ऊन पिकत असे. आत ज्वारीचा कोरडा, गोडसर वास. कणगीला टेकून दोघं बोलत बसत.

"आज काय काम?" सुगत विचारी.

"फळं बघायला आले."

"फळं तर कणगीत हायत. तुम्ही माझ्याकडं बघताय."

"तुम्ही मधे उभे आहात — म्हणून!"

सुगतची आई चांगुणाबाई आतून म्हणे, "आठ दिस हात लावायचा न्हाय म्हन्लीस, अन् रोज येतीस. पळून जात्यात व्हय फळं?"

"तसं नाही, मावशी..." पौर्णिमा म्हणे.

नवव्या दिवशी सकाळी फळं निघाली. खरंच, मधाचा वास! संध्याकाळी तिला पुण्याची गाडी धरायची होती. एकेक फळ फोडायचं, बिया काढायच्या, वहीच्या एकेका पानावर नोंद करायची. ही शेवटची सकाळ, या विचारात ती इतकी हरवली की पान उलटायला दर वेळी बोट जिभेला लावते आहे हे तिच्या ध्यानातच आलं नाही. गर चिकटलेलं, तेच बोट.

दुपारी पोटात ढवळलं. अंगणातल्या मोरीपर्यंत ती कशीबशी पोचली.

आणि कपाळावर हात आला. रुंद, गार. दुसरा पाठीवरून हळूहळू वर सरकणारा. "भ्यायचं न्हाय. थोडंच गेलंय पोटात. मी हाय इथं."

ओकारी थांबली आणि रडू सुटलं. रडता रडताच तिनं सांगितलं — अण्णांचं, वहीचं, पुढं न झालेल्या हाताचं. सुगतनं कपाळावरचा हात काढला नाही.

खूप वेळानं तिनं डोळे पुसले. सवयीनं विचारलं, "किती वेळा झाली?"

तो चाचरला. "मोजलंच न्हाय."

"सहा वर्षांत... पहिल्यांदा?"

"आज मोजायचं भानच राहिलं न्हाय." त्याचे कान लाल झाले होते. "तुमच्यापुढं... आकडा कसला आठवतोय."

त्याच्या कपाळावरचा ओरखडा आता पुसट झाला होता. पौर्णिमाचा हात आपोआप पुढं झाला, आणि त्या ओरखड्यावर टेकला. जमलं की! इतकं सोपं होतं?

"पोरी," चांगुणाबाई आतून ओरडली, "गाडी चुकवतीस का काय?"

"व्हय, आई," पौर्णिमा म्हणाली.