येसूआजीने 'हो' का म्हटलं?

डोळे मिटून, नुसते दाणे चिमटीत धरून येसूआजी भाताच्या साठ जाती ओळखायची. तरीही त्या मंगळवारी चिमणसाळ भाताची शेवटची पुडी तिने स्वतःच टाकून दिली. हे झालं कसं?

साल होतं २०६१. वाकणवाडीचं बीजघर मोबाइलवरच्या अॅपने चालायचं. कोणतं बी पेरणीला द्यायचं, कोणतं वाळवायचं, कोणतं किडकं म्हणून कोंबड्यांना घालायचं, हे अॅप आजीला विचारायचं. तिने सांगितलं की भोपळ्या नावाचा गोलमटोल रोबो ते काम मुकाट्याने करायचा. त्या दिवशी आजीने 'हो' दाबलं आणि त्याने पुडी कोंबड्यांपुढे ओतली. आजी धावत पोचेपर्यंत कोंबड्यांनी बरंचसं बी फस्त केलं होतं. उरलेले दाणे तिने मातीतून एकेक करून वेचले. ते दोनशे बारा भरले.

मग तिने कमरेची बीजघराची किल्ली सोडली आणि तेरा वर्षांच्या नातीच्या, चैतालीच्या, हातात ठेवली.

"घे पोरी. माझी नजर गेली आता. उद्यापासून मी काही यायची नाही."

आजी मान खाली घालून घरी गेली. बीजघर आजीनेच उभं केलं होतं, चाळीस वर्षं सांभाळलं होतं. चैतालीने भोपळ्याला गाठलं.

"आजीने नीट वाचलं कसं नाही?"

"आजींनी गेल्या महिन्यात एकशे चाळीस डायलॉगना (काम मध्येच थांबवून प्रश्न विचारणाऱ्या छोट्या चौकटींना) उत्तरं दिली," भोपळ्या म्हणाला. "प्रत्येकीला एक सेकंदही लागला नाही. तेवढ्यात वाचून होत नाही. तू तरी वाचतेस का?"

चैतालीने उत्तर टाळलं. वाचकहो, आपणही टाळूया.

"माणूस चौकट वाचण्याआधी ओळखतो," भोपळ्या पुढे म्हणाला. "रंगावरून, आकारावरून. आजींना काय दिसलं ते बघ."

त्याच्या पोटावरच्या पडद्यावर चौकट उमटली. कुंकवासारखा लाल रंग, हळदीची कड, मधोमध ठसठशीत 'हो'. वर बारीक अक्षरांत प्रश्न होता, 'पुडी टाकून द्यायची?'

हा साज चैतालीचाच होता! पेरणीला बी देताना आजी पुडीला हळदकुंकू लावायची. आजीला आवडेल म्हणून चैतालीने सुट्टीत हौसेने तेच रंग अॅपला दिले होते.

"तू ते थीममध्ये (सगळ्या अॅपला एकदम चढवलेल्या पेहरावात) लिहिलंस," भोपळ्या म्हणाला. "म्हणून सगळ्याच चौकटी पेरणीच्या दिसायला लागल्या. शाळेत गणवेश सगळ्यांना एकच असतो, पण सामन्यात पंच वेगळा शर्ट का घालतात?"

"लांबूनही ओळखू यावेत म्हणून."

"तसंच इथे. अॅपची थीम एकच ठेवता येते, तरी एखाद्या चौकटीला स्वतःची शैली (तिच्यापुरता वेगळा पेहराव) देता येते. चौकटीचा रंग, कड, बटणाचा रंग, चौकटीमागचा पडदा किती काळवंडायचा, सगळं. प्रश्न तोच राहतो, रूप तेवढं बदलतं."

चैतालीने तिथल्या तिथे बसून टाकाऊ मालाची चौकट राखाडी केली. 'हो' काढून तिथे 'टाकून द्या' लिहिलं आणि 'राहू द्या' हे बटण मोठं केलं. मग मोबाइल घेऊन ती घरी पळाली.

"आजी, चूक माझी होती. तुझी नजर चांगली आहे. मीच टाकायच्या चौकटीला हळदकुंकू लावलं होतं. आता बघ, राखेचा रंग दिलाय."

आजीने पडदा निरखला आणि ती हसली.

"अगं वेडे, राखेत तर आपण बी जपतो! हे बघून मी म्हणेन, ठेवायचंच विचारतायत."

चैतालीने कपाळावर हात मारला. "मग कोणता रंग देऊ? तूच सांग."

आजीने विचार केला. "निळा दे. आपल्याकडे बाजारातलं विषारी औषध लावलेलं बियाणं निळं येतं. निळं दिसलं की माझा हात आपोआप थांबतो."

चैतालीने रंग बदलला आणि खोटीच पुडी निवडून चौकट उघडली. आजीचं बोट सवयीने पुढे आलं आणि पडद्यापासून वीतभर अंतरावर थांबलं. तिने सावकाश, अक्षर न् अक्षर लावत प्रश्न वाचला. मग 'राहू द्या' दाबलं.

"थांबला की गं हात!" ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. चैतालीने तिला मिठीच मारली.

जरा वेळाने आजीने विचारलं, "हे अॅप खालच्या खाडीकाठच्या गावांतही जाणार ना? तिथल्या बायका बी कशात जपतात, ठाऊक आहे तुला?"

"नाही."

"मग त्यांच्या चौकटीला रंग कसा देशील? उद्या सकाळच्या गाडीने जाऊ. मी विचारते, तू लिहून घे."