चष्मेवाला आणि खोल पाणी

त्याने आयुष्यात पहिल्यांदा गळ टाकला आणि त्यात सापडली माझी वेणी.

मी तळ्याकाठी होड्या बांधत होते. मागून सूंऽऽ असा आवाज आला आणि मान एकदम खेचली गेली. वळून बघते तर हातात काठी धरून एक चष्मेवाला… पांढराफटक.

“खेचू नका!” मी ओरडले.

“नाही नाही… सोडू का?”

“सोडूही नका! जागचे हलू नका!”

बाबांनी शेवटी कात्री चालवली. चार बोटं केस गेले. “परत येतील ना?” त्याने इतक्या काळजीने विचारलं, की मला धड रागावताही येईना.

तळं बाबा सांभाळायचे. हौशी मंडळी सुट्टीला मासे धरायला यायची, मी त्यांना होडीतून खोल पाण्यात न्यायचे. फाटकावरची पाटी मी स्वतः रंगवलेली: पोहता येत नसेल तर होडी नाही. खोटं बोलणाऱ्याला तळं कायमचं बंद.

“पोहता येतं?” मी विचारलं.

“हो.” जरा जास्तच पटकन.

मग तो दर सुट्टीला येऊ लागला. गावात त्याचं चष्म्यांचं दुकान होतं. मासा मात्र एकही लागेना. लागणार कसा? दोरीचं लाल बूच पाण्यावर नाचून नाचून दमायचं, आणि हे महाशय…

“बूच तिकडे आहे.”

“माहीत आहे.”

“मग इकडे काय बघता?”

“केस वाढले का ते. जबाबदारी आहे माझी.”

मी वल्ही जोरात मारायचे. एकाच बाजूची. होडी जागच्या जागी गोल फिरायची, आणि तो दोन्ही हातांनी काठ घट्ट धरायचा. मला वाटायचं, लाजतो बिचारा.

एका सकाळी एका भल्यामोठ्या माशाला त्याची दया आली. काठी कमानीसारखी वाकली. त्याला एवढा धक्का बसला, की तो चक्क उभा राहिला… होडीत!

“खाली बसा—”

धप्प.

मी हसत होते. पोहता येत होतं ना त्याला! मग वर एक हात आला. नुसता हात. मग तोही दिसेना.

उडी कधी मारली ते आठवत नाही. आठवते ती मुठीत आलेली त्याची कॉलर.

“तुला पोहता येत नाही?” काठावर आणल्यावर मी किंचाळले. अहो-जाहो तळ्यातच बुडालं होतं.

“नाही.” तो खोकत म्हणाला.

“मग इतके दिवस होडीत—”

“जीव मुठीत धरून बसायचो. पण काठावरून तू… एवढीशी दिसतेस.” त्याने चिमूट दाखवली.

बाबा पंचा घेऊन धावत आले. एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. “पाटी तुझी. काय ते तू ठरव.”

त्याला सूट दिली, तर उद्या दुसऱ्याला कुठल्या तोंडाने अडवणार होते मी? आणि त्या दुसऱ्याचा हातही वर आला नाही तर?

“तळं बंद,” मी म्हटलं. “कायमचं.”

त्याने मान डोलावली. सबब नाही, विनवणी नाही. चपचप बूट वाजवत निघाला. मी ओली वेणी पिळत त्याच्या पाठीकडे बघत राहिले…

“अगं,” बाबा म्हणाले, “चष्मा बुडालाय त्याचा. फाटक सोडून ओढ्याकडे चाललाय तो!”

मी धावत सुटले. कुंपणापलीकडे, तळ्याचं जादा पाणी ओढ्यात उतरतं तिथे, तो डोळे बारीक करून उभा होता.

“ओढा आमचा नाही,” मी धापा टाकत म्हटलं. “इथे माझी पाटी चालत नाही. उतर.”

“आत्ता?”

“कंबरेएवढंच पाणी आहे. पाण्यावर तुझा नुसता हात मला पुन्हा बघायचा नाही, कळलं? उताणा हो.”

तो झाला. त्याच्या पाठीखाली माझे दोन्ही तळवे. त्याचं काळीज माझ्या हातात धडधडत होतं.

“अंग सैल सोड.”

“सोडलंय.”

“ओंडका झालायस नुसता!”

तो हसला आणि हळूहळू खरंच सैल झाला. वरून पानांच्या सावल्या त्याच्या चेहऱ्यावर हलत होत्या. डोळे मिटूनच, अगदी शांतपणे म्हणाला, “माझ्याशी लग्न करशील?”

मी दचकून दोन्ही हात काढून घेतले.

चष्मेवाला थेट तळाला! धडपडत उभा राहिला, केस कपाळावर, चेहरा भेदरलेला.

“म्हणजे… नाही?”

“म्हणजे हो!” मी म्हटलं, आणि स्वतःचंच ऐकून हादरले. “पण आधी नाकातलं पाणी काढ.”