पहिली म्हणजे कितवी?

वाघाचं नाव मी तोंडातून काढलं आणि अश्वजित माझ्यावर खेकसला. आमची ओळख झाली ती अशी.

सिंदेवाहीहून निघालेली एसटी मला फाट्यावर उतरवून निघून गेली होती. हातात भोंग्याचा डबा, पाठीवर लॅपटॉप, आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना जंगल… मी जन्माची भित्री. भद्रावतीच्या कॉलनीत पाल दिसली तरी पलंगावर चढणारी! चार पावलं चालले आणि मागून मोटरसायकल येऊन थांबली. हिरवी जर्सी घातलेला, उंच, सावळा पोरगा.

"ओ मॅडम, एकट्या कुठी जाऊन राह्यल्या?"

"गावात. वाघाचा भोंगा बसवायचा—"

"शूऽऽ! नाव नका घेऊ नं बाप्पा! इथी त्याले नावानं कोणी बोलवत नाई."

"मग काय म्हणता?"

"'तो' म्हणतो."

"आमच्याकडे 'तो' म्हणजे नवरा," मी बोलून गेले आणि जीभ चावली. त्याने मानेनेच मागची सीट दाखवली. पण गाडीवर बसल्यावर आरशात पाहिलं, तर महाशय गालातल्या गालात हसत होते.

"मी संघप्रिया," मी म्हटलं.

"जय भीम. मी अश्वजित. तुमी आमच्याच घरी उतरणार आहे."

आमची चंद्रपूरची चार जणांची छोटी कंपनी. नाल्याकाठच्या झाडावर आमच्या लोकांनी कॅमेऱ्याचा डबा आधीच बांधला होता. त्याला 'तो' दिसला की त्याने रेडिओवरून गावातल्या डब्याला कळवायचं, आणि पाण्याच्या टाकीवरचा भोंगा वाजायचा. तो टाकीवरचा डबा माझ्या हातात होता. दिवस मोहाचे. बाया उजाडता उजाडता फुलं वेचायला जातात, वाकून वेचतात, आणि वाकलेली बाई लांबून जनावरासारखी दिसते. मागच्या मोहात बायनाबाईंची जाऊ अशीच गेली. बायनाबाई म्हणजे अश्वजितची आई. अश्वजित गावच्या बचाव पथकात. भोंगा सुरू होईपर्यंत बायांच्या पुढे काठी घेऊन चालायचं काम त्याचं.

म्हणजे माझा डबा बोलला नाही, तर हा पोरगा रोज 'त्या'च्या तोंडासमोरून चालणार… हे कळलं आणि मी तडक टाकीकडे निघाले.

टाकीची शिडी बघूनच मी दोन पावलं मागे सरले. "तुमी खालून सांगा, मी लावतो," म्हणत तो सरसर वर चढला.

"रेडिओची पांढरी वायर पहिल्या पिनला लाव!" मी खालून ओरडले.

"पहिलीले?"

"हो, पहिलीला!"

"लावली!"

भोंगा काही वाजला नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. मी टाकीखाली खाट टाकून, डब्यातून खाली सोडलेली केबल लॅपटॉपला लावून झुंजत बसले. चंद्रपुरात हाच डबा कसा पोपटासारखा बोलत होता! आणि इथे स्क्रीनवर एकच ओळ: रेडिओ सापडला नाही.

अश्वजित चहा घेऊन आला. मी एव्हाना 'तू'वर आले होते. तो मात्र 'तुमी'वरच अडून बसलेला.

"काऊन नाई बोलून राह्यला?"

"रेडिओ एसपीआय बसवर आहे. कर्नलला तो दिसतच नाहीये."

"बस? इथी एकच बस येते, सिंदेवाहीची. तिच्यात बसाले जागा नाई, रेडिओ सापडन काय?"

मला हसू फुटलं. "अरे, ही संगणकाच्या आतली बस. कर्नल म्हणजे त्याच्या पोटातला मुख्य प्रोग्रॅम. तो कंडक्टर समज. या बसचे प्रवासी भारी मुखदुर्बळ. कंडक्टरने सीट नंबर घेऊन हाक मारल्याशिवाय तोंड उघडत नाहीत. म्हणून कोण कितव्या सीटवर बसलंय, ते आधी यादीत लिहून द्यावं लागतं. ती यादी मीच लिहिते. तिला आम्ही झाड म्हणतो."

"झाड! बरं… म्हणजे मनात कितीही असलं, तरी प्रवासी आपणहून बोलणार नाई?"

"नाही. आधी विचारावं लागतं."

"मोठी पंचाईत आहे नं मग बिचाऱ्याची," तो कपात बघत म्हणाला, आणि त्याचे कान लाल झाले. माझ्या काळजात काहीतरी लकाकलं… आणि लगेच भीती वाटली. याच्याशिवाय परत जायचं कसं, ही एक नवीनच भीती!

तिसऱ्या दिवशी शेताच्या धुऱ्यावर पंजाचा ठसा निघाला. ताटलीएवढा. बायनाबाईंनी तो मला दाखवला, आणि त्या रात्री मी ताट बाजूला सारून पुन्हा लॅपटॉप उघडला. मी बसचा वेग कमी करून पाहिला, रेडिओचा ड्रायव्हर, म्हणजे त्याला चालवणारा प्रोग्रॅम, नव्याने बांधला. ओळ तीच.

"अश्वजित, वायर पहिलीलाच आहे ना रे?"

"पहिलीलेच, मॅडम. आईची शप्पथ."

चौथ्या दिवशी तांबडं फुटलं तसा तो काठी घेऊन निघाला. मागे टोपल्या घेतलेल्या बाया, त्यांत बायनाबाई. मी वाट अडवली.

"आज नको जाऊस. माझं ऐक."

"बाया थांबत नाई नं. उशीर झाला का फुलं जनावरं खाऊन टाकतात."

"मला भीती वाटते रे…"

"मले बी वाटते," तो हळूच म्हणाला. पहिल्यांदाच कबूल केलं त्याने. "पण सांगू कोणाले?"

"मग कुठे असशील ते तरी सांग."

"पहिल्या झाडाखाली. नाल्याजवळचा मोह, एक नंबरचा. बायाइची भांडणं नको म्हणून झाडाइले गेरूनं नंबर टाकले आहे आमी."

ते वळणाआड गेले. मी खाटेवर बसले. पहिलं झाड, एक नंबरचं… पहिलं झाड, एक नंबरचं…

आणि मी झडप घालून लॅपटॉप मांडीवर ओढला.

आमच्या धंद्यात मोजणी शून्यापासून! डब्यातल्या त्या दोन पिनांवर छापलेलंच आहे, शून्य आणि एक. माझी 'पहिली' म्हणजे शून्य नंबरची. आणि अश्वजितने कोणत्याही शहाण्या माणसासारखी 'एक' छापलेली पिन शोधून तिला वायर लावली. मी तीन दिवस रिकाम्या सीटला हाका मारत होते. तो म्हणत होता पहिलीले, मी म्हणत होते पहिलीला, आणि दोघंही खरं बोलत होतो! गाढव कुठली!

यादीतलं शून्य खोडून तिथे एक लिहिलं. यादी पुन्हा बांधली, डबा बंद करून चालू केला. चाळीस सेकंद लागतात. मी आकडे मोजत बसले. वीस… तीस…

स्क्रीनवर ओळ आली: रेडिओ सापडला.

मी "सापडला!" असं किंचाळणार, तोच डोक्यावर भोंगा फुटला. कानठळ्या बसल्या. मी चाचणी लावलीच नव्हती. नाल्यावरचा डबा उत्तर मिळेपर्यंत तोच निरोप परत परत पाठवतो. म्हणजे तो केव्हाचा सांगत होता, आणि ऐकणारं कोणी नव्हतं.

'तो' नाल्यावर होता. एक नंबरच्या झाडापाशी.

मी धावले. वेशीपर्यंत धावले आणि पाय रुतल्यासारखी उभी राहिले. पुढे जायची छाती होईना, मागे फिरवेना. आरडाओरडा करत बाया आल्या. एक, दोन, पाच, अकरा… चुलीपाशी बसलेली माणसंही बाहेर आली. बायनाबाई आल्या, टोपली नाही, पदर फाटलेला. त्यांनी माझा हात घट्ट धरला.

"भोंगा वाजला तसा अशू वरडला, पळा म्हणून. तो मांगंच राह्यला, पोरी."

आम्ही दोघी त्या वळणाकडे बघत राहिलो. भोंगा वाजतच होता. नको ते सगळं मनात येऊन गेलं.

मग वळणावर हिरवी जर्सी दिसली. उलट्या पावलांनी, जंगलाकडे तोंड करून, काठी पुढे धरून तो मागे मागे सरकत येत होता. एका पायात चप्पल नव्हती. वेशीत आल्यावर वळला, आधी आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"झुडपातच बसला होता, मॅडम. वीस पावलांवर. भोंग्यानं बिचकला अन् नाल्यापार गेला." मग त्याने मान वर करून टाकीकडे पाहिलं. "कसा काय बोलला तुमचा डबा?"

मला रडू आवरेना. रडता रडताच मी त्याला पहिलीची भानगड सांगितली. शून्याची, एकाची, रिकाम्या सीटची. बायनाबाई तोंडाला पदर लावून भोंगा बंद करायला कोणाला तरी पाठवते म्हणत बाजूला झाल्या.

मी भित्री, पण आज पुरतं भिऊन झालं होतं. आणि समोरचा प्रवासी आपणहून बोलणारा नव्हता.

"अश्वजित, एक विचारते. उत्तर शून्य नाहीतर एक. शून्य म्हणजे नाही, एक म्हणजे हो. मला तू आवडतोस. मी तुला…?"

त्याच्या हातातली काठी खाली पडली. मग त्याने धुळीने माखलेलं एक बोट वर केलं.

"पहिल्यापासून एकच होतं," तो म्हणाला. "तूच आपली शून्यावर शोधून राह्यली होती."