इन्क्युबेटरमधलं पीठ

प्रयोगशाळेतल्या इन्क्युबेटरचं दार उघडलं आणि पवित्रा थबकलीच. तिच्या यीस्टच्या प्लेटांशेजारी चक्क स्टीलचा डबा! झाकण ढकलून आंबोळीचं पीठ फसफसून बाहेर आलेलं...

"माझा हाय त्यो." दारात एक उंच पोरगा उभा होता. शशिधर, नेसरी गावचा, शेजारच्या रसायनशास्त्र विभागात नुकताच आलेला. "डिसेंबरची थंडी, खोलीवर पीठच फुगंना की. हितं कसं झ्याक उबदार..."

"अहो, कॅन्सरच्या औषधाचं काम चाललंय इथं! तुमच्या घरची चूल न्हाय ही!"

पवित्राला रडूच कोसळलं. काही रुग्णांवर औषध हळूहळू चालेनासं का होतं, हे ती यीस्टमध्ये शोधत होती. पेशीत प्रथिनं तयार व्हायला मदत करणारा एक घटक तिनं बदलला होता, आणि आज पहिल्यांदाच औषधाच्या प्लेटवर पांढरे ठिपके उगवले होते. पण ते तिच्या यीस्टचे, की याच्या पिठातल्या यीस्टचे? तिच्या मार्गदर्शक निर्मलाबाई पुढच्याच आठवड्यात हे काम बंगळूरच्या परिषदेत मांडणार होत्या. आता कुठल्या तोंडानं?

शशिधरचा चेहरा उतरला. "चूक माझी हाय. पुन्हा करू की. प्लेटा मी वततो."

"आणि तुमचं पीठही औषधावर लावून बघू," ती डोळे पुसत म्हणाली.

तो रोज संध्याकाळी हजर! प्लेटा ओतताना हात स्थिर, नजर मात्र...

"प्लेटीकडं बघा."

"बघतोय की. मधी तुम्ही येताय."

ती मान वळवून हसू लपवायची. राग कधीच गेला होता, पण कबूल कोण करणार!

शनिवारी दोघांनी दार उघडलं. पिठातलं यीस्ट औषधावर मेलेलं, साधं, न बदललेलं यीस्टही मेलेलं. पवित्राचं बदललेलं यीस्ट मात्र प्लेटभर माजलेलं! आणि ज्यात मूळ घटक परत घातला होता, ते पुन्हा औषधानं साफ मेलेलं. करामत त्या एका घटकाचीच होती.

निर्मलाबाईंनी प्लेट उजेडात धरली. "पवित्रा, बंगळूरला मी नाही, तू बोलायचंस!" आणि त्या आनंदानं सगळ्यांना सांगत सुटल्या.

"जिंकलासा की!" शशिधर म्हणाला. मग आवाज खाली गेला. "आता... रोज यायला कारण न्हाय ऱ्हायलं."

"कारण पाहिजे व्हय?" पवित्रा त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. "मग ऐका—मला तुम्ही आवडता. लई आवडता."

शशिधरनं तिचा हात धरला. मग अख्ख्या विभागाला ऐकू जाईल असा तो व्हरांड्यातून ओरडला,

"बाईऽऽ, बंगळूरची दोन तिकिटं काढा!"