दार उघडण्याची अट

समुद्रतळावरच्या सिंधुतळ वसाहतीत हवा, पंप आणि दारं माणसं चालवत नसत. नियंत्रक चालवत असे. नियंत्रक म्हणजे कपाटात बसवलेला एक साधा संगणक. संवेदकांकडून खबर घ्यायची, लिहून दिलेले नियम ओळीने तपासायचे, त्याप्रमाणे यंत्रं चालू-बंद करायची आणि पुन्हा पहिल्यापासून. डोळ्याचं पातं लवायच्या आत असे कितीतरी फेरे होत.

हेमांगी तांडेल वसाहतीच्या शाळेत शिकवायची. तिचा थोरला भाऊ धर्मा तिसऱ्या दालनात पंप दुरुस्त करत असताना भिंतीला चीर गेली. पाणी घोट्यापर्यंत आलं आणि नियंत्रकाने दार लावून टाकलं.

निरोप मिळताच हेमांगी नियंत्रण कक्षात धावली. तिथे नियंत्रकाचे नियम लिहिणाऱ्या डॉ. निखत मुजावर नियंत्रण फलकावरच्या एका हिरव्या दिव्याकडे बघत उभ्या होत्या. दिवा लागत होता, विझत होता. धर्मा आतून दार उघडायचं बटण दाबत होता.

"म्हणजे यंत्राला त्याचं ऐकू येतंय," हेमांगी म्हणाली.

"येतंय. दर फेऱ्याला येतंय. पण दालनात पाणी असेल तर दार उघडायचं नाही, हा नियम त्याच्या वरचा आहे."

हेमांगीने नियम बदलायला सांगितलं. नवा नियम घालायचा तर नियंत्रक थांबवावा लागेल, निखतनी समजावलं. तो थांबला की चारशे माणसांची हवा थांबेल. वीज तोडली तर? तर स्प्रिंगच्या जोराने दार आणखी घट्ट बसेल. दुसऱ्या एका वसाहतीत कुणीतरी दया येऊन हाताने दार उघडलं होतं आणि सगळी वसाहत बुडाली होती. तेव्हापासून दाराला हाताने उघडायची सोयच ठेवत नसत.

"दोन पावलांत बाहेर आला असता हो तो."

"हो," निखत म्हणाल्या. "पण यंत्राला पाणी कळतं, बटण कळतं. माणूस कळायला आम्ही काही लावलेलंच नाही."

हेमांगी दिव्यासमोर बसून राहिली. मग दिवा विझायचा थांबला. हिरवा, स्थिर.

"आता तो आत काय करतोय?"

निखतनी दिव्याकडे बोट केलं. बटण दाबलेलं आहे, एवढंच दिसत होतं.

पाणबुड्यांनी बाहेरून चीर बुजवली, पंपांनी छतापर्यंत चढलेलं पाणी उपसलं. शेवटचं पाणी संवेदकाखाली उतरलं त्याच फेऱ्यात नियंत्रकाने पाहिलं: पाणी नाही, बटण दाबलेलं आहे. नियमात बसत होतं. क्षणाचाही उशीर न लावता दार उघडलं.

हेमांगी आत गेली. धर्माने बटणाच्या चौकटीत पाना ठोकून बसवला होता, हात सुटला तरी मागणं चालू राहावं म्हणून. तो खाली, दाराकडे तोंड करून पडला होता.

तिने पाना ओढून काढला. बटण सुटलं. पुढच्या फेऱ्यात दार तिच्या पाठीमागे हळूच बंद झालं.