रिकामा पाट न्यायचा नसतो

पृथ्वीराज, ती बॅटरी माझ्या तोंडावर मारू नगंस. म्हातारा हाय मी, भूत न्हाई. अजून तरी. आणि क्रांती, तू तोंडावर ओढणी धरून हसतीयास ते दिसतंय मला. हस बाई. मागनं तळ्याकडनं घरी तुलाच जायचं हाय.

तर ऐका. हे माझ्या दोस्ताचं झालेलं, ट्रॅक्टरवाल्या जोतीरामाचं. काम साधं हुतं. गावानं दान दिलेल्या गणपतीच्या मूर्ती ट्रॉलीत भरायच्या आणि दोन मैलांवरच्या, पाणी साचलेल्या जुन्या दगडाच्या खणीत नेऊन सोडायच्या. साल दोन हजार दोन. घरच्या गौरी-गणपतीच्या विसर्जनाची रात्र. ट्रॅक्टर चावडीपासनं हलला तवा अकराला दहा कमी हुतं.

मूर्ती तळ्यात का न्हाईत सोडल्या, असं इचारणार तुम्ही. तुमी तवा शेंबडी हुता. त्याच्या आधी काही वर्षं विसर्जनानंतर आपलं तळं म्हंजे रंगपंचमीचं पिंप झालतं. मासं पोट वर करून तरंगलं. म्हशी पाण्याला तोंड लावंनात. मग शाळंतल्या संघप्रिया बाईंनी गावाला तळ्याकाठी बसवून शिकवायला घेतलं. पांढरी ताटली दोरीला बांधायची, पाण्यात सोडायची, आणि जिथं दिसंनाशी हुईल तिथं दोरीला गाठ मारायची. गणपतीच्या आधी ताटली पुरुषभर खोल दिसली. नंतर वीतभर. मी चौथी नापास, खरं ती गाठ मला बी वाचता आली.

सयाजीला न्हाई आली. भर सभेत उठला आणि म्हणाला, "बाई, देव आमचं. तुमच्यात गणपती बसवत न्हाईत. मग तुमाला कशाला उठाठेव?"

आणि बायकांतनं चिमणाबाई उठली. "आरं सयाज्या, पाणी तर सगळीच पितोय न्हवं? देव बुडवायचा की तळं बुडवायचं?" असं म्हणून पुढच्या गणपतीत पहिली मूर्ती तिनंच दान दिली. तळ्यात तीनदा टेकवून, हात जोडून. तिच्या मागनं निम्मं गाव आलं.

ही चिमणाबाई बोलताना उजवा हात नाचवायची. त्या हाताचं मधलं बोट कडबाकुट्टीच्या मशीननं खाल्लेलं. उरलेली चार लोकांच्या नाकासमोर नाचायची. तिची मी नक्कल करायचो. आवाज असा काढायचो की तिची सून आतनं 'आलो आत्ती' म्हणायची. म्हातारी हसायची आणि मला चप्पल फेकून मारायची. नेम चांगला हुता.

दुसऱ्या वर्षी, म्हंजे दोन हजार दोनला, आषाढात ती गेली. गणपतीत सुनेनं तिचा पाट बाईंकडं दिला. म्हणाली, "आत्तींचा हाय. ह्याच्यावर मूर्ती घ्या." दिवसभर तळ्याकाठी त्याच पाटावर सगळ्या मूर्ती उतरल्या. लोकांनी आपापल्या पाटावर तळ्यातली मूठभर माती घेतली आणि घरी गेली. रीतच हाय ती. देव पोचवून येताना पाट रिकामा आणायचा न्हाई. चिमणाबाईच्या पाटावर माती कोण घालणार? तो तसाच ट्रॉलीत पडला.

आता मुद्द्याचं. बाईंनी गावाला शब्द दिला हुता. "एकेक मूर्ती हातानं, हळू सोडू. एक जरी फुटकी सापडली तर मी पुन्हा तोंड उघडणार नाही. पुढच्या वर्षी खुशाल तळ्यात सोडा." सयाजी म्हणाला, "सकाळी कॅमेरा घिऊन खणीवर येतो." म्हंजे सगळं तळं त्या एका ट्रॉलीवर टांगलेलं.

जायची दोघं. जोतीराम आणि मी.

आणि माझ्या टाळक्यात किडा वळवळला. जोतीरामाला म्हणालो, पोट बिघडलंय. आणि बायकोचं पांढरं लुगडं पिशवीत घालून सायकलनं त्याच्या आधी खणीवर जाऊन बसलो. दगडाच्या ढिगामागं. म्हणलं, चिमणाबाईचा आवाज काढायचा, त्याची गाळण उडवायची, हसायचं, मग दोघांनी मिळून मूर्ती सोडायच्या. हसू नगंस, संग्राम. तुझ्या आज्याचं मी काय काय केलंय ते सांगू का?

ट्रॅक्टर आला. जोतीरामानं मागं घेऊन ट्रॉली काठाला लावली. उजेड सगळा रस्त्याकडं. खणीकडं काळोख.

उतरला. ट्रॉलीकडं बघितलं. शंभराच्या वर मूर्ती. एकटा माणूस. सकाळपासनं राबलेला. मला एक शिवी घातली, ती हितं सांगत न्हाई.

मग त्यानं जॅकच्या दांड्याला हात घातला.

ट्रॉली उचलायची. एका झटक्यात सगळं खाली. पाच मिनटांत घरी. कोण बघतंय?

मी बघत हुतो. ट्रॉलीचं तोंड वर उचललं. आतल्या मूर्ती सरकल्या. मी उठलो. आवाज काढायला तोंड उघडलं…

आणि तोच आवाज आला.

माझ्या तोंडातनं न्हाई.

"जोत्या… एकेक दे."

खालनं. पाण्यातनं.

जोतीराम आधी दचकला. मग खो खो हसला. "आलास व्हय नाटक्या! पोट बरं झालं?" आणि ट्रॉली खाली घेतली.

"एकेक दे. हातात दे. मी घेतो की."

मी लुगड्याचा बोळा तोंडात कोंबला.

जोतीराम गुडघ्यावर बसला. मूर्ती खाली धरली. वाकला. हात वर आलं. रिकामं.

दुसरी. वाकला. रिकामं.

बडबड चालूच त्याची. "गार हाय का रं पाणी? सर्दी झाली तर माझ्याकडं येऊ नगंस."

मी कान लावला. मूर्ती पाण्यात गेली की वाजतंय की काय तरी. डुबुक. बुडबुडं. काय तरी…

न्हाई. एकदा बी न्हाई.

किती येळ, ठावं न्हाई. शेवटची मूर्ती खाली गेली. आणि परत तो आवाज. आता दमलेला.

"पाट… रिकामा न्हिऊ नगंस."

सकाळी सयाजी कॅमेरा घिऊन आला. काठावर तुकडा न्हाई. पाण्यावर रंगाचा ठिपका न्हाई. रोल तसाच घिऊन गेला. त्या वर्षापासनं तळ्यात मूर्ती न्हाई. ताटली आता पुरुषभर खोल दिसती, जाऊन बगा.

आणि जोतीरामानं चावडीत माझ्या पाठीत थाप घातली. "मर्दा, तुझ्यासारखा सोंगाड्या न्हाई. सगळी रात्र पाण्यात उभा ऱ्हायलास!"

मला पोहता येत न्हाई. आणि त्या काठाखाली उभं ऱ्हायला जागा न्हाई. कडा सरळ चाळीस फूट खाली जातीया.

सांगायला गेलो त्याला. एकदा न्हाई, धा बारा. तो हसायचा. गाव हसायचं. जन्मभर थापा मारल्या, मग खऱ्याला कोण इचारतंय? दोन वर्षांमागं जोतीराम गेला. मरताना बी माझीच तारीफ करत गेला. मी लेका, त्याला एकट्याला टाकून ढिगामागं बसलो हुतो…

काय म्हणालीस, क्रांती? पाट?

पाट मी बघितला. उजाडायच्या आत, जोतीरामाच्या दारात, ट्रॉलीत. त्यावर मूठभर माती हुती. ओली. खणीत माती न्हाई, निस्ता काळा दगड. ही आपल्या तळ्याची हुती. बारक्या गोगलगायी हुत्या तिच्यात, एक हलत हुती.

माती हातानं थापलेली. पंजा उठलेला.

अंगठा. त्याच्या शेजारचं बोट. मग करंगळी आणि तिच्या शेजारचं.

मधी… कोरी जागा.