उघडी काठवट

बसा मॅडम, हितं लिंबाखाली बसा. बचत गटाचा फॉर्म भरायला आलात ना? शिवकन्या ती मीच. घरात कशाला जाता? धूर निघतोय ते घर माझंच हाय, पर आदी माझं ऐका, मग काय लिहायचं ते लिहा.

मांजरसुंब्याच्या ढाब्यावर ज्वारीच्या भाकरी खाता ना तुमी, त्यातल्या रोजच्या साठ माझ्या हातच्या. दुपारी दोनला चूल पेटवायची, पाचला आमचे हे गठुडं घेऊन मोटारसायकलवर जातात. अठरा वर्सं झाली. त्याच्या आदी पहाटंपासून शेळ्या, पानी, माझ्या पोरीचा, अंजूचा डबा, आत्याबाईंच्या गोळ्या. आत्याबाई म्हंजी माझ्या सासूबाई. आन माझी भाकर कुठंबी वळखू येती. उजव्या हाताची करंगळी कडबाकुट्टीत गेली, तवापासून तव्यावरल्या भाकरीला पानी फिरवलं की तीनच बोटं उमटतात.

गेल्या साली तुमच्या आदीच्या मॅडमनी गटातल्या बायांचं शिबिर घेतलं. वेळेचं नियोजन. म्हनल्या, "दिवसातला एक तास सोताचा ठेवा. मोबाईलात गजर लावा. वाजला की हातातलं काम टाकून उठायचं, आन मनाला लावून घ्यायचं न्हाई." बाया तोंडाला पदर लावून हसल्या. मला मातर रडू आलं. मी तीन ते चारचा गजर लावला.

पैल्या दिवशी गजर वाजला तवा हात पिठात होते. आता बसले तर जन्मात उठायची न्हाई, असं वाटलं. काठवटीत मळलेलं पीठ तसंच टाकलं आन उठले.

आमच्या घरात एक रीत हाय. चुलीपुढनं उठायचं तर काठवट रिकामी करून पालथी घालायची. आत्याबाई लग्नापासून बजावायच्या, "उघडी काठवट म्हंजी बोलावणं. कोनबी येऊन बसंल." मला वाटायचं, सुनंनं पीठ संपल्याबिगर उठू न्हाई म्हणून म्हातारीनं काढलेलं हे खूळ हाय.

त्या तासात मी काय केलं? काय बी न्हाई. हितंच पडले. घाट चढनाऱ्या ट्रकांचे हॉर्न ऐकले, लिंबोळ्या टपटप पडत होत्या. देवाशपथ सांगते, लई बरं वाटलं.

चारला घरी गेले तर दुरडीत साठ भाकरी. गरम.

"आत्याबाई, कुनी केल्या?"

"तूच की," त्या म्हनल्या. माझ्याकडं बघितलं मातर न्हाई.

मला वाटलं, म्हातारीला माझी माया आली. डोळ्यात पानी आलं माझ्या. रोज असंच व्हायला लागलं. मी उठायची, चारला यायची, काम झालेलं. एक दिवस वरची भाकर उचलली आन बघितलं... चार बोटं. नीट, सारखी, चार.

आत्याबाईंचे हात तर संधिवातानं वाकडे झालेत. त्यांना वाटी धरता येत न्हाई.

दुसऱ्या दिवशी मी साडेतीनलाच माघारी फिरले. अंगणातच आवाज आला. थप, थप, थप. माझ्याच हाताची चाल. भाजक्या ज्वारीचा वास, आन त्याच्यात ओल्या मातीचा... बुजवलेल्या आडाजवळ येतो तसला. दाराआडनं बघितलं. चुलीपुढं बाई पाठमोरी बसलेली. माझं हिरवं लुगडं, माझाच अंबाडा. अंजू तिच्या मांडीवर डोकं टेकून कविता म्हनत होती. माझी अंजू. माझ्याजवळ बसायची तर मी म्हनायची, सरक बाई, काम हाय.

उंबऱ्यावर आत्याबाई बसलेल्या. मला बघून त्यांनी तोंडावर बोट ठिवलं.

"गप... काम हुऊंदे."

"आत्याबाई... कोन हाय ती?"

"कोन का असंना. चिडत न्हाई, दमत न्हाई, उठत न्हाई. काठवट उघडी टाकून तूच गेलतीस न्हवं?"

"तुमाला पैल्या दिवसापासून ठावं होतं?"

तेवढ्यात हे आले. मी पळत जाऊन ह्यांचा दंड धरला. "अवो, बघा की आत! सांगा तिला, घर माझं हाय म्हनून!" ह्यांनी आत बघितलं, माझ्याकडं बघितलं, मग खाली मान घातली. हळूच म्हनले, "ढाब्यावाला म्हनतोय, आताशा भाकर लई झ्याक येती." आन पाचला रोजच्यासारखं गठुडं उचलून गेले. अठरा वर्सं मॅडम! त्या मानसाला माझ्यापरीस भाकर वळखीची.

त्या सांजंला दाराला आतनं कडी लागली. माझ्यापुरती ती लागली ती लागलीच. रात्री आता शेळ्यांच्या गोठ्यात काढते.

तुमच्या मॅडम चुकल्या न्हाईत. तास माझाच होता. एक तास उठली म्हनून बाईची जागा जाती का? मला कुनी हाक बी मारू न्हाई?

हाक न्हाई, पर रोज चहा येतो. अंजू आनती. परवा कपबशी माझ्यापुढं ठेवून म्हनली, "मावशी, आईनं दिलाय." माझ्या पोटची पोर. मी तिला जवळ घ्यायला गेले, तर ती माघारी सरली.

किती वाजले? तीन? आयका, घरातला गजर वाजतोय. माझाच मोबाईल त्यो. आता जरा सरका मॅडम, तिला बसायला जागा करा. आठ दिस झाले, ती बी गजर वाजला की उठती. हितं येती, माझ्याशेजारी पाय पसरून बसती. तिचे हात बघा, कोपरापत्तोर पिठानं भरलेले. काठवट उघडीच टाकून येती, माझ्यासारखीच.

ती बघा, आली.

आन आता गप ऱ्हावा... घराकडं कान द्या. थप, थप, थप. ऐकू येतंय?